नंबर लागतो, पण नाव लागत नाही

या वेळी लिनक्सवाल्यांची पत्रं भरपूर आलीत आणि बरीचशी एकाच दुखण्याची, नेट चालू आहे पण साइटचं नाव टाकलं की सापडत नाही. म्हणून हा पूर्ण अंक डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधणाऱ्या सोयीला देतेय. कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टर्मिनलवर त्या रोमन स्मॉल अक्षरांत टाकायच्या. जिथे स्पेलिंग चुकायची शक्यता आहे तिथे अक्षरं सुटी करून सांगितलीत.

ताई नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ टाकलंय. मागच्या आठवड्यात केबलवाला बदलला, नवीन राउटर आला आणि त्या दिवसापासून एकही साइट उघडत नाही. वायफाय कनेक्टेड दाखवतं, बायकोच्या मोबाइलवर त्याच वायफायवर सगळं चालतं. टर्मिनलवर ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ येतं. रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल बदलायला गेलो तर सुडो लावूनही ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. केबलवाला म्हणतो आमच्याकडून ओके आहे. आता फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट अजिबात मारू नका. नेट बंद पडलं की फॉरमॅट ही आपल्याकडची सवय फार वाईट आहे, फोटो आणि कागदपत्रं जातात आणि मूळ कारण काय होतं ते कळतच नाही, मग सहा महिन्यांनी तेच पुन्हा होतं.

आधी एकच गोष्ट करा, ‘पिंग ८.८.८.८’ टाका, हा गूगलच्या सर्व्हरचा नंबर आहे. उत्तरं यायला लागली, म्हणजे एकेका ओळीत किती मिलिसेकंद लागले ते दिसायला लागलं, की वायर, वायफाय, राउटर, केबलवाला सगळे सुटले. रस्ता मोकळा आहे, फक्त नावावरून नंबर काढायचं काम अडलंय. मोबाइल चालतोय म्हणताय त्यावरून तुमच्याकडे उत्तरं येतीलच, केबलवाला खरं बोलतोय. (ज्यांना इथे उत्तर येत नाही त्यांचं दुखणं वेगळं, त्यांनी पुढचं काही करू नये, आधी राउटर आणि वायर बघावी.)

आता नाव शोधायचं काम कसं चालतं ते थोडं समजून घ्या, कारण हे डोक्यात बसलं की पुढची सगळी पत्रं सोपी आहेत. एखाद्या चाळीत नवीन माणूस कोणाचं तरी घर शोधत आला की काय करतो? आधी जिन्याखालची नावांची पाटी बघतो. तिथे नाव नसलं तर कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारतो. वाण्याला माहीत असलं तर तो लगेच सांगतो, नसलं तर पोऱ्याला पाठवून पुढे विचारून घेतो. लिनक्समध्ये पाटी म्हणजे /ईटीसी/होस्ट्स ही फाइल. १९८३ च्या आधी पूर्ण नेटवर्कचं काम अशा एका पाटीवरच चालायचं, कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एकच मोठी यादी ठेवलेली असायची आणि सगळे तिची कॉपी घेऊन जायचे. मशीन वाढली तशी ती यादी पुरेना, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएसची रचना मांडली. पाटी मात्र गेली नाही, ती आजही प्रत्येक लिनक्सवर आहे आणि बहुतेक ठिकाणी तिलाच आधी विचारलं जातं.

उबुंटूवरचा वाणी म्हणजे सिस्टमडी-रिझॉल्व्हड. तो तुमच्याच लॅपटॉपमध्ये १२७.०.०.५३ या पत्त्यावर बसलेला असतो. तो राउटरला विचारतो, राउटर केबलवाल्याच्या सर्व्हरला, आणि त्यालाही माहीत नसलं तर तो थेट मुळापासून विचारत येतो. मुळाशी रूट सर्व्हर, ए पासून एम पर्यंत १३ नावांचे, पण एकेकाच्या प्रती जगभर ठेवलेल्या, आपल्या मुंबईतही आहेत. रूट सांगतो डॉट इनवाल्यांना विचार, ते सांगतात अमुक सर्व्हरला विचार, आणि तो शेवटी नंबर देतो. मिळालेलं उत्तर वाटेतले सगळे ठरावीक वेळ लक्षात ठेवतात.

म्हणून बिघाड शोधायचा म्हणजे दोनच प्रश्न, आपलं मशीन विचारतंय कोणाला आणि तो काय सांगतोय. बाकी काही नाही.

रिझॉल्व्ह.कॉन्फ म्हणजे नाव कोणाला विचारायचं तो पत्ता लिहिलेली फाइल. तुमच्या पत्रातली खरी खूण ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आहे. सुडो लावून रूट, म्हणजे मशीनचे पूर्ण मालक, झाल्यावरही फाइल बदलता येत नाही याचा अर्थ कोणीतरी तिला कुलूप लावलंय. ‘एलएसएट्र /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ टाका, स्पेलिंग एल-एस-ए-टी-टी-आर. आणि एक लक्षात ठेवा, फाइलच्या नावात रिझॉल्व्हच्या शेवटी ई नाही, पुढे रिझॉल्व्हसीटीएल ही कमांड येणारे तिच्यात मात्र ई आहे, इथे सगळे चुकतात. आलेल्या ओळीत रेघांच्या मध्ये एक आय दिसला तर तेच कुलूप. हे तुम्हीच कधीतरी लावलेलं असणार, नाहीतर ज्यांनी लॅपटॉप सेट करून दिला त्यांनी. ‘फाइल आपोआप बदलते, मग तिला लॉक करा’ असा सल्ला खूप ठिकाणी देतात. मला तो पटत नाही. फाइल आपोआप बदलते कारण ती बदलायलाच हवी, घरी एक राउटर, ऑफिसात दुसरा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तिसरा. कुलूप लावलं की त्या दिवशीचा पत्ता कायमचा गोठतो. ‘कॅट’ने फाइल उघडून बघा, माझा अंदाज आत नेमसर्व्हर १९२.१६८.०.१ असा जुन्या राउटरचा पत्ता असेल आणि नवीन राउटर १९२.१६८.१.१ वर बसलाय. नवीन राउटरचा पत्ता ‘आयपी राउट’च्या डिफॉल्टवाल्या ओळीत दिसेल. मोबाइलला नवीन राउटरने नवीन पत्ता दिला, लॅपटॉप मात्र गेलेल्या माणसाचं दार वाजवत बसलाय.

उपाय. ‘सुडो चॅटर -आय /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’, स्पेलिंग सी-एच-ए-टी-टी-आर, आय स्मॉल आणि त्याच्या आधी चिकटून वजाचं चिन्ह. मग ‘सुडो आरएम’ने ती फाइल काढून टाका, घाबरू नका, आणि तिच्या जागी मूळची लिंक परत लावा, ‘सुडो एलएन -एस ../रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’. यात स्टबनंतरच्या रिझॉल्व्हला ई नाही, त्याआधीच्या फोल्डरला आहे. शेवटी ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्हड’. आता ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ टाकलं की वायफायच्या खाली करंट डीएनएस सर्व्हर म्हणून नवीन राउटर दिसायला हवा. दिसला की झालं, ब्राउझर उघडा.

ताई, मी लालबागला राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दादाचा जुना डेस्कटॉप मला मिळाला, त्यावर डेबियन आहे. नेट बंद पडत नाही पण प्रत्येक साइट उघडायच्या आधी नुसती थांबते, मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बघितलं तर जवळजवळ दर वेळी पाच सेकंद. एकदा उघडली की व्हिडिओसुद्धा न अडकता चालतो. स्पीड टेस्ट पण चांगली येते. मग हे पाच सेकंद कसले?

स्टॉपवॉच लावलंस ते फार छान केलंस, निम्मं निदान तूच केलंयस. नुसतं ‘स्लो आहे’ म्हटलं असतंस तर मी काहीच सांगू शकले नसते, पण ठोक पाच सेकंद म्हटलं की संशय एकाच जागी जातो.

लिनक्सची जी मूळ लायब्ररी नावं शोधते, ग्लिबसी, ती एका सर्व्हरला प्रश्न विचारून उत्तराची पाच सेकंद वाट बघते आणि मग पुढच्याकडे जाते. वेगळं काही सांगितलं नसेल तर हा आकडा ठरलेला आहे. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये नेमसर्व्हरच्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि पहिल्या तीनच मोजल्या जातात, चौथी लिहिली तरी तिच्याकडे कोणी बघत नाही. म्हणजे पहिल्या ओळीतला सर्व्हर गप्प असेल तर प्रत्येक नावाला पाच सेकंद जाणार, मग दुसरा पटकन उत्तर देणार आणि साइट उघडणार, अगदी तुझ्यासारखं. डेबियनवर रिझॉल्व्हड मुद्दाम टाकला नसेल तर उत्तर लक्षात ठेवणारं मध्ये कोणीच नसतं, म्हणून ब्राउझर काही नावं थोडा वेळ लक्षात ठेवतो तेवढाच दिलासा, बाकी तेच नाव परत विचारलं की परत पाच सेकंद.

यात ‘गप्प’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्व्हरने ‘नाही सांगत’ असं म्हटलं, म्हणजे रिफ्यूज्ड असं उत्तर दिलं, तर ग्लिबसी क्षणात पुढे जाते. वेळ जातो तो काहीच न बोलणाऱ्या सर्व्हरमुळे. आणि इंटरनेट कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर बऱ्याचदा फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात, बाहेरच्याचा प्रश्न आला की टाकून देतात. दादाने तेव्हाच्या कनेक्शनचा सर्व्हर हाताने भरून ठेवलेला असणार. पुढे कनेक्शन बदललं, हाताने भरलेला पत्ता तसाच पहिल्या नंबरावर राहिला, आणि राउटरकडून आलेला त्याच्या खाली.

खात्री करून घे. ‘कॅट /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ टाकून ओळी बघ आणि प्रत्येक पत्त्याला वेगवेगळं विचार, ‘डिग’ मग जागा सोडून ‘@’ला चिकटून तो पत्ता, मग कुठल्याही साइटचं नाव. जो चांगला आहे त्याच्या उत्तराखाली क्वेरी टाइम काही मिलिसेकंद दिसेल, जो गप्प आहे तिथे टाइम्ड आउट. डिग नसेल तर डेबियनमध्ये बाइंड९-डीएनएसयुटिल्स हे पॅकेज टाक.

मग फाइलला हात लावू नकोस, ती नेटवर्कमॅनेजर, म्हणजे कनेक्शन सांभाळणारा प्रोग्राम, पुन्हा लिहितो, तुझा बदल पुढच्या कनेक्शनला पुसला जाईल. सेटिंगमध्ये जा, तुझं कनेक्शन, चाकाचं चिन्ह, आयपीव्ही४, तिथे डीएनएसच्या चौकोनात हाताने भरलेला पत्ता असेल तो काढ आणि ऑटोमॅटिक चालू ठेव. टर्मिनलवरून करायचं तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’, मग कनेक्शनचं नाव, मग ‘आयपीव्ही४.डीएनएस’ आणि त्यापुढे रिकामी अवतरणचिन्हं, आणि नंतर ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’ आणि तेच नाव.

आणि पहिला सर्व्हर ठणठणीत निघाला तरी पाच सेकंद राहिले तर? तेही होतं. ग्लिबसी एका नावाचे दोन प्रश्न एकदम पाठवते, आयपीव्ही४ चा म्हणजे जुन्या पद्धतीचा नंबर आणि आयपीव्ही६ चा म्हणजे नव्या पद्धतीचा नंबर, दोन्ही एकाच पोर्टवरून. काही राउटर पहिल्या प्रश्नाचं उत्तर आणतात आणि दुसऱ्याचं गिळून टाकतात, मग लायब्ररी त्याची वाट बघत पाच सेकंद बसते. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये ‘ऑप्शन्स सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ अशी ओळ घातली तर असे दोन प्रश्न ती वेगवेगळ्या पोर्टवरून पाठवते. तपासायला फक्त तात्पुरती घालून बघ, आणि फरक पडला तर खरा उपाय राउटरचं फर्मवेअर अपडेट करणं किंवा राउटर बदलणं हा आहे.

मॅडम, मी ठाण्याहून घरून काम करतो, ऑफिस अंधेरीला. ऑफिसचा व्हीपीएन लागतो, पण आतल्या साइट उघडत नाहीत, त्या सगळ्यांची नावं .लोकलने संपतात. विंडोजवाल्या सहकाऱ्यांना काही अडचण नाही. ऑफिसच्या डीएनएसला डिगने थेट विचारलं तर नंबर बरोबर येतो. ‘रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी’ केलं तर ‘नो अप्रोप्रिएट नेम सर्व्हर्स ऑर नेटवर्क्स फॉर नेम फाउंड’. आयटीवाले म्हणतात लिनक्स आम्ही सपोर्ट करत नाही.

डिगने येतं आणि बाकी कशाने येत नाही, या एका वाक्यात उत्तर आहे. डिग हा पाटी बघत नाही, वाण्याला मानत नाही, तुम्ही @ लावून ज्याचा पत्ता दिलात त्याच्याच दारात जातो. ब्राउझर आणि पिंग तसे जात नाहीत, ते सिस्टमच्या नेहमीच्या वाटेने जातात. म्हणून मी कायम सांगते, डिगबरोबर ‘गेटएंट एहोस्ट्स’ आणि नाव हेही टाकून बघा, स्पेलिंग जी-ई-टी-ई-एन-टी. गेटएंट त्याच वाटेने जातो जिने तुमचे प्रोग्राम जातात. दोघांची उत्तरं वेगळी आली की सर्व्हर निर्दोष, गडबड आपल्या मशीनच्या आत.

तुमच्याकडची गडबड .लोकलची आहे. २०१३ साली हे शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं गेलं, म्हणजे घरातला प्रिंटर, टीव्ही वगैरे एकाच नेटवर्कवरची मशीन एकमेकांना हाक मारून शोधतात त्यासाठी. रिझॉल्व्हडला .लोकल दिसलं की तो म्हणतो हे घरातलं नाव, बाहेरच्या सर्व्हरला विचारायचं नाही. तुमच्या ऑफिसने ते नाव बहुतेक त्याच्याही आधी ठेवलं असेल, तेव्हा तसं ठेवायची पद्धतच होती, त्यामुळे कोणाला दोष द्यायचं कारण नाही.

रिझॉल्व्हडला हे सांगावं लागतं की अमुक शेवटाची नावं व्हीपीएनच्या सर्व्हरलाच विचार. व्हीपीएन जोडलेला असताना ‘आयपी लिंक’ने त्याच्या इंटरफेसचं नाव बघा, बहुतेक टन० (टी-यू-एन आणि शून्य), आणि मग ‘सुडो रिझॉल्व्हसीटीएल डोमेन टन०’ आणि पुढे एकेरी अवतरणात ~ चिन्ह लावून तुमचं डोमेन, समजा ‘~ऑफिस.लोकल’. लगेच तपासा, चालायला हवं. पण व्हीपीएन तुटला की हे जातं, म्हणून कायमचं करायला व्हीपीएन नेटवर्कमॅनेजरमधून जोडत असाल तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’, व्हीपीएनचं नाव, ‘आयपीव्ही४.डीएनएस-सर्च’ आणि तेच ~वालं डोमेन.

त्या ~ चा फायदा फार मोठा आहे. फक्त ऑफिसची नावं ऑफिसला विचारली जातात, त्याच्यामुळे बाकीची वाट बदलत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, घरून काम करताना आपण बँकेची साइट उघडतो, डॉक्टरांची उघडतो, ती नावं ऑफिसच्या सर्व्हरच्या नोंदीत जायचं काहीच कारण नाही. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’मध्ये टन० खाली डिफॉल्ट राउट ‘नो’ असेल तर उरलेली नावं तुमच्या घरच्या सर्व्हरकडेच जातायत.

एवढं करूनही मधे एकच टिंब असलेली नावं अडली तर /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फमधली होस्ट्सची ओळ बघा. तिच्यात ‘एमडीएनएस४_मिनिमल’ आणि त्यापुढे चौकोनी कंसात ‘नॉटफाउंड=रिटर्न’ असतं, म्हणजे घरात हाक मारून सापडलं नाही की तिथूनच परत फिर. ‘डीएनएस’ हा शब्द उचलून त्याच्या आधी ठेवा. आणि आयटीवाल्यांना कधी नवीन नाव ठेवायची वेळ आली तर सुचवा, .इंटर्नल हे शेपूट इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०२४ मध्ये खासगी नेटवर्कसाठीच राखून ठेवलंय.

ताई, कॉलेजच्या लायब्ररीत वायफायला जोडलं की लॉगिनचं पानच येत नाही. मित्रांना येतं. मी घरी डीएनएस १.१.१.१ करून ठेवलाय, तो काढायचा नाहीये. — परळ

काढू नकोस, फक्त लायब्ररीच्या कनेक्शनला लावू नकोस. अशी वायफाय पहिल्या प्रश्नाला मुद्दाम स्वतःच्या पानाचा नंबर देतात, लॉगिन झालं की मग खरी उत्तरं. तू त्यांना विचारतच नाहीस, १.१.१.१ ला म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरला विचारतोस, आणि लॉगिनच्या आधी तिकडचा रस्ता बंद असतो. नेटवर्कमॅनेजरमध्ये प्रत्येक वायफायचं सेटिंग वेगळं असतं, लायब्ररीवाल्याचं डीएनएस ऑटोमॅटिक ठेव, घरच्याचं तुझं तुझं. तू ते सगळीकडे लागू होईल असं /ईटीसी/सिस्टमडी/रिझॉल्व्हड.कॉन्फमध्ये लिहिलं असशील तर तिथून काढून घरच्या कनेक्शनमध्ये हलव. आणि फायरफॉक्समध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू केलं असशील तर तो सिस्टमला न विचारता परस्पर जातो, लॉगिनपुरतं ते बंद कर.

नमस्कार. गिरगावातल्या आमच्या मंडळाच्या साइटला आम्ही मराठी नाव घेतलंय, शेवटी .भारत. ब्राउझरमध्ये उत्तम चालतं. पण भाड्याच्या सर्व्हरवर मी एक छोटी स्क्रिप्ट लावलीय, साइट चालू आहे की नाही ते बघणारी, तिला हे नाव सापडतच नाही. घरच्या लॅपटॉपवर तीच स्क्रिप्ट चालते. मराठी नावांना लिनक्सवर अडचण आहे का?

पत्र वाचून खूप बरं वाटलं. देवनागरी .भारत २०१४ पासून मिळतंय पण ते घेणारी मंडळं फार कमी दिसतात. तुमचा प्रश्न सुटायलाच हवा, नाहीतर पुढच्या वेळी कोणीतरी म्हणेल कशाला ते मराठी, इंग्रजीच घ्या.

लिनक्सला अडचण नाही. मूळ डीएनएसमध्ये नावं रोमन अक्षरं, आकडे आणि डॅश एवढ्यातच चालत आलीत, म्हणून मराठी नाव वाटेत एका रोमन रूपात बदललं जातं, त्याला प्युनिकोड म्हणतात. .भारतचं ते रूप एक्सएन--एच२बीआरजे९सी असं आहे. ब्राउझर हा बदल स्वतः करतो. टर्मिनलवरचे प्रोग्राम तो बऱ्याचदा ग्लिबसीकडून करून घेतात आणि ग्लिबसीला त्यासाठी दोन गोष्टी लागतात, एक लिबआयडीएन२ ही लायब्ररी आणि दुसरं म्हणजे लोकेल, म्हणजे भाषेचं आणि अक्षरांचं सेटिंग, यूटीएफ-८ या सगळ्या लिपी मावणाऱ्या पद्धतीचं असणं. भाड्याच्या सर्व्हरवर बऱ्याचदा अगदी किमान सिस्टम टाकलेली असते, लोकेल नुसतं सी किंवा पॉझिक्स. त्या लोकेलमध्ये मराठी अक्षरं ही अक्षरंच धरली जात नाहीत, त्यामुळे प्रश्न सर्व्हरपर्यंत पोचायच्या आधीच नाव अडतं. घरच्या लॅपटॉपवर यूटीएफ-८ आधीपासून असतं म्हणून तिथे चालतं.

सर्व्हरवर ‘लोकेल’ ही कमांड टाकून बघा. यूटीएफ-८ दिसलं नाही तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८’ ही ओळ घाला, सी आणि यूटीएफ कॅपिटलमध्ये. एलसी_ऑल पण पूर्ण कॅपिटल. आणि याहून पक्का उपाय हवा असेल तर ‘आयडीएन२’ कमांडला तुमचं नाव द्या, ती प्युनिकोड रूप छापते, ते स्क्रिप्टमध्ये लिहा आणि शेजारी कॉमेंटमध्ये मराठी नाव ठेवा, म्हणजे पुढे मंडळात ज्यांच्याकडे हे काम जाईल त्यांना कळेल. हे रूप कुठल्याही मशीनवर, कुठल्याही लोकेलला चालतं.

आदरणीय ताई, मी वसईच्या एका शाळेत शिकवते. आम्हाला देणगीत मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका माजी विद्यार्थ्याने फेडोरा टाकून दिलं, सुरक्षेसाठी डीएनएस ओव्हर टीएलएस चालू केलं, वर्षभर छान चाललं. मे महिन्याच्या सुट्टीत सगळं मेन स्विचपासून बंद होतं. जूनमध्ये चालू केलं तर बारापैकी चार मशीनवर एकही साइट उघडत नाही, बाकी आठ चालतात. तो विद्यार्थी आता परदेशी असतो. नंबरला पिंग केलं तर उत्तर येतं.

बाई, त्या चार मशीनवर आधी ‘डेट’ टाका किंवा कोपऱ्यातलं घड्याळ बघा. मला जवळजवळ खात्री आहे की तारीख बरीच मागची दिसेल.

जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर एक गोल बॅटरी असते, लाइट नसताना घड्याळ ती चालवते. रोज मशीन चालू होतं, प्लगला करंट होता, तोवर बॅटरी संपलेली कळली नाही. महिनाभर मेन स्विच बंद राहिला आणि चार मशीनची घड्याळं विसरली. आता पुढची साखळी बघा, फार अडचणीची आहे. डीएनएस ओव्हर टीएलएसमध्ये, म्हणजे नावांचे प्रश्न वाटेत कोणाला वाचता येणार नाहीत असे पाठवायच्या पद्धतीत, सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो आणि त्यावर कुठपासून कुठपर्यंत वैध ती तारीख असते. तुमच्या मशीनला वाटतंय आज गेल्या वर्षीचा कुठलातरी दिवस आहे, म्हणून ते म्हणतं हे सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, आणि सर्व्हरशी बोलत नाही. इंटरनेटवरून वेळ लावून घ्यायची सोय आहे, फेडोरात ते काम क्रॉनी करतो, पण त्याला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस लागतो. डीएनएसला वेळ लागते, वेळेला डीएनएस लागतो, दोघं एकमेकांसाठी अडून बसलेत. त्या मुलाने काही चुकीचं केलं नव्हतं, सेटिंग चांगलं होतं, फक्त जुन्या मशीनच्या बॅटरीचा विचार राहून गेला.

तारीख हाताने लावा. ‘सुडो डेट -एस’ आणि पुढे अवतरणात वर्ष, महिना, दिवस आणि वेळ, वर्ष आधी, मधे डॅश, वेळेत दोन टिंबं. मग ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्हड’. मिनिटभरात साइट उघडायला लागतील आणि क्रॉनी उरलेले सेकंद स्वतः दुरुस्त करेल. त्यानंतर ‘सुडो एचडब्ल्यूक्लॉक --सिसटोएचसी’, म्हणजे बोर्डावरच्या घड्याळातही तीच वेळ जाईल. एवढं करून उघडलं नाही तर ‘जर्नलसीटीएल -यू सिस्टमडी-रिझॉल्व्हड’च्या शेवटच्या ओळी मला लिहून पाठवा.

सेटिंगबद्दल. रिझॉल्व्हड.कॉन्फमध्ये डीएनएसओव्हरटीएलएसपुढे ‘येस’ असेल, तिथे ‘ऑपर्च्युनिस्टिक’ लिहिलं तर मशीन टीएलएस जमलं तर वापरतं, नाही जमलं तर साध्या डीएनएसवर जातं, आणि सर्टिफिकेट तपासत बसत नाही. सुरक्षा त्याने कमी होते हे खरं आहे. पण शाळेत सुट्टीनंतर पहिल्या तासाला मुलं बसलेली असताना कॉम्प्युटर बंद असणं मला जास्त नुकसानीचं वाटतं, म्हणून बॅटऱ्या बदलून होईपर्यंत तसं ठेवा आणि बदलल्या की परत ‘येस’ करा.

बॅटरीचा नंबर बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ असतो, तरी जुनीवर कोरलेला वाचून घ्या. लॅमिंग्टन रोडपर्यंत यायची गरज नाही, वसईत घड्याळवाल्याकडेही मिळेल. चार नाही, बाराच्या बारा आणा, बाकीच्या आठही त्याच वयाच्या आहेत. बदलताना प्लग पूर्ण काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा, बाजूची छोटी क्लिप नखाने दाबली की जुनी वर येते, आणि नवीन बसवताना अधिकचं चिन्ह असलेली सपाट बाजू वर ठेवा.